ऑल्टरनेटिव्ह म्हणजे नेमका कशाला पर्याय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांचा कॉलेजचा बँड: दोन गिटार, बेस, ड्रम्स; दुसरी गिटार वाजवणारी मुलगीच गाते. स्वतःची तीन गाणी तयार आहेत. पहिल्यात दणदणीत रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) आणि मोठा सोलो (फक्त गिटारचा तुकडा) आहे. दुसरं हळू सुरू होतं आणि कोरसला, म्हणजे धृपदाला, एकदम अंगावर येतं, त्यात सोलो नाही. तिसऱ्यात गिटार जवळजवळ नाहीच, लॅपटॉपवरचा लूप आणि बेस आहे. स्पर्धेच्या फॉर्मवर 'रॉक' आणि 'ऑल्टरनेटिव्ह' असे दोन विभाग आहेत आणि त्यातला एकच निवडायचा आहे. बँडमध्ये दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली आहेत. गाण्यांच्या ॲपवर बघावं तर निर्वाणा हा अमेरिकन बँड दोन्ही याद्यांत सापडतो. मग फरक काय, आणि तो कानाला कळतो का?

मी पुण्यात 22 वर्षं गिटार शिकवतोय आणि क्लासच्या मागच्या खोलीत मुलांच्या बँडची रेकॉर्डिंग करतोय. हा वाद माझ्यासमोर दरवर्षी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या कानात काही खोट नाही. घोळ फॉर्मनं केलाय. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यानं एकाच रांगेत बसवली आहेत. 'रॉक' हे 'हे वाजतं कसं?' या प्रश्नाचं उत्तर आहे. 'ऑल्टरनेटिव्ह' हे मुळात 'हे आलं कुठल्या वाटेनं?' याचं उत्तर होतं. आंब्याच्या पेटीवर 'हापूस की सेंद्रिय, एकच निवडा' असं छापावं, तसं हे झालं. हापूस ही जात, सेंद्रिय ही पिकवायची रीत. एकच आंबा दोन्ही असू शकतो. निर्वाणा दोन्ही याद्यांत दिसतं ते याच कारणानं, आणि दोन्ही याद्या बरोबर आहेत.

आधी रॉक, कारण ते सांगायला सोपं. त्याची मुळं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आणि रिदम अँड ब्लूजमध्ये आहेत. 1950 च्या दशकात चक बेरीसारख्या गिटारवाल्यांनी त्याला वेग दिला, आणि 60 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश पोरांनी तेच ब्लूज मोठ्या अँपमधून (अँप्लिफायरमधून) वाजवलं. चार मात्रांच्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा फटका, अँपवरचा गेन वाढवून करकरीत केलेली गिटार, तिच्यावर पुन्हा पुन्हा येणारी रिफ आणि वेळ आली की सोलो. या सोलोंचा मोठा भाग मायनर पेंटॅटॉनिकमध्ये असतो. राग ओळखणाऱ्यांना त्यात धानीचे सूर सापडतील: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं, म्हणजे बेंड घ्यायचा. आमच्याकडे सतार शिकलेली मुलं येतात, त्यांचा हात इथं लगेच बसतो, कारण मींड घेण्याची सवय असते. माझ्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात सगळे 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवायला मागतात. डीप पर्पलचं ते गाणं 1972 चं, पण त्या रिफचे पहिले तीन सूर आजही ऐकणाऱ्याला 'हे रॉक' असं सांगून जातात. ते कुठल्या कंपनीनं काढलं, कुठल्या रेडिओवर वाजलं, हे माहीत असायची गरजच पडत नाही.

ऑल्टरनेटिव्हचं तसं नाही. तिथं आधी वाट बघावी लागते.

70 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉक फार मोठं झालं होतं. स्टेडियमं, ट्रक भरभरून सामान, लांबलचक सोलो, आणि सगळ्यामागे मोजक्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्या. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या रामोन्सचा पहिला अल्बम आला: 14 गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. तीन-चार कॉर्ड, सोलो जवळपास नाहीतच. त्यातून हजारो पोरांना कळलं की बँड काढायला दहा वर्षांचा रियाज लागत नाही. त्या पोरांना मोठ्या कंपन्या घेणार नव्हत्या, म्हणून त्यांनी आपल्या कंपन्या काढल्या. लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्डच्या दुकानानं 1978 मध्ये स्वतःचं लेबल सुरू केलं, त्याच वर्षी मँचेस्टरला फॅक्टरी निघालं. 1980 च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये अशा रेकॉर्डची वेगळी यादी निघू लागली, तिला इंडी चार्ट म्हणत. त्यात यायची अट संगीताची नव्हतीच. रेकॉर्डचं वितरण मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेरून झालेलं हवं, एवढीच अट होती. त्यामुळे 1988 मध्ये काइली मिनोगची चकचकीत पॉप गाणीही त्या यादीत होती. 'ऑल्टरनेटिव्ह' आणि 'इंडी' हे शब्द वाटेचे आहेत असं मी म्हणतो, त्याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

अमेरिकेत ही वाट कॉलेजांमधून गेली. तिथं एफएमचा 88 ते 92 मेगाहर्ट्झ हा पट्टा विनाव्यावसायिक केंद्रांसाठी राखीव आहे. विद्यापीठांची केंद्रं त्यावर चालत, माइकवर विद्यार्थीच असत, आणि जाहिरातदाराची मर्जी सांभाळायची नसल्यानं हवं ते लावत. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावचा आर.ई.एम. हा बँड या केंद्रांवरच वाढला. 1983 मध्ये त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम आला तो आय.आर.एस. या छोट्या लेबलवर. त्याच केंद्रांवर न्यूयॉर्कचे सॉनिक यूथ वाजत, बॉस्टनचे पिक्सीज वाजत, ब्रिटनहून आलेले द स्मिथ्स आणि द क्युअर वाजत. यांना ओळीनं ऐका. एकाची गिटार पाण्यासारखी स्वच्छ, दुसऱ्याची पत्रा कापल्यासारखी. आवाजात साम्य शोधायला गेलात तर दमून जाल. साम्य एवढंच की मोठ्या रॉक स्टेशनवर यांना जागा नव्हती. ऑल्टरनेटिव्ह म्हणजे त्या स्टेशनवरच्या रॉकला पर्याय.

मग पर्यायच मुख्य रस्ता झाला. सप्टेंबर 1988 मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकानं 'मॉडर्न रॉक ट्रॅक्स' नावाची यादी सुरू केली. रॉक स्टेशनांची त्यांची यादी 1981 पासून होतीच, ही तिच्या शेजारी निराळी. नव्या यादीत पहिल्या आठवड्याला वर होते सूझी अँड द बॅनशीज. 1991 च्या ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांत ऑल्टरनेटिव्हचं बक्षीस पहिल्यांदा जाहीर झालं, ते आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरला, आणि तिनं ते नाकारलं. त्याच वर्षी सप्टेंबरात निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला, तोही एका मोठ्या कंपनीच्या लेबलवर. 1992 च्या जानेवारीत त्यानं मायकल जॅक्सनच्या अल्बमला खाली ओढून अमेरिकेत पहिला क्रमांक घेतला. देशात सर्वांत जास्त खपणारी गोष्ट कशाला पर्याय? शब्दाचा मूळ अर्थ तिथं संपला. शब्द मात्र राहिला, आणि त्याला दुसरा अर्थ चिकटला: 'या बँडसारखं वाजणारं'. आज तुमच्या फॉर्मवर जो शब्द आहे तो या दुसऱ्या अर्थाचा.

हा दुसरा अर्थ किती निसरडा आहे हे ग्रॅमीच्या याद्यांत दिसतं. 1996 च्या समारंभात निर्वाणाला ऑल्टरनेटिव्हचं बक्षीस मिळालं, तेही मुख्यतः अकूस्टिक वाजवलेल्या कार्यक्रमासाठी. आणि त्याच सिअॅटल शहराच्या वर्तुळातल्या, त्याच पिढीच्या पर्ल जॅमला मिळालं हार्ड रॉकचं. 2001 मध्ये निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल याच्या फू फायटर्सना सर्वोत्तम रॉक अल्बमचं बक्षीस होतं, आणि ऑल्टरनेटिव्हचं गेलं रेडिओहेड या बँडच्या 'किड ए' या अल्बमला, ज्यात गिटार शोधावी लागते. म्हणजे निर्वाणाचा ड्रमर रॉकमध्ये, आणि गिटार बाजूला ठेवणारे ऑल्टरनेटिव्हमध्ये.

आपल्याकडे गोंधळ आणखी वाढतो, आणि त्याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. ती वाट आपल्याकडे नव्हतीच. माझ्या लहानपणी खासगी एफएम नव्हतं, मग कॉलेजचं कुठून असणार? 1991 मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं, आणि बाकी सगळं कॅसेटवर. डीप पर्पल, लेड झेपलिन, आर.ई.एम., निर्वाणा हे सगळे आम्हाला एकाच दुकानात, एकाच फळीवर, 'इंग्लिश' या एकाच चिठ्ठीखाली भेटले. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा भारतीय बँडचा महोत्सव व्हायचा. एवढ्या गर्दीत स्वतःचं वाजवायला मिळणं, याचंच तिथं अप्रूप होतं. वीस वर्षांचा इतिहास आमच्यापर्यंत एकाच पार्सलमधून आला, त्यामुळे कोण कोणाविरुद्ध उभं होतं ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून मला आपल्या श्रोत्यांना समजावताना आधी वाटेची गोष्ट सांगावी लागते.

आता कानाकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तिथं आहे. 80 च्या दशकातल्या त्या बँडनी काही सवयी लावल्या, आणि त्या आज ऐकून ओळखता येतात. माझ्या क्लासमध्ये मी एकच प्रश्न विचारायला शिकवतो: इथं गिटारला काय काम दिलंय?

रॉकमध्ये गिटार पुढं येऊन बोलते. रिफ हा गाण्याचा चेहरा असतो आणि सोलोला ती गायकाची जागा घेते. ऑल्टरनेटिव्हमध्ये ती बहुतेक वेळा गाण्याभोवतीची हवा बनते. आर.ई.एम.चा पीटर बक किंवा स्मिथ्सचा जॉनी मार घ्या. दोघंही कॉर्ड एका झटक्यात न वाजवता तिचे सूर सुटे करून विणत जातात, मोकळ्या तारा गुंजत राहतात आणि गायकाचा आवाज त्यात तरंगतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे चटकन उमगतं. मोकळ्या तारेचा तोच सूर खाली चालू राहतो आणि वरची कॉर्ड बदलली की त्याचा अर्थ बदलतो. सॉनिक यूथ याच्याही पुढं गेले. त्यांच्याकडे ढीगभर गिटार असत, प्रत्येक निराळ्या जुळणीची, आणि काही गाणी ठरावीक गिटारशिवाय वाजतच नसत. जुलै 1999 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा सामानाचा ट्रकच चोरीला गेला. नव्या गिटार दुकानात मिळतात, पण त्या गिटार आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं केलेले बदल कुठून आणणार? मला ती बातमी एखाद्या बीनकाराची बीन जावी तशी लागली होती.

दुसरी खूण म्हणजे आवाजाची चढउतार. पिक्सीजनी व्हर्स, म्हणजे कडवं, अगदी विरळ ठेवायची आणि कोरसला सगळं अंगावर सोडायचं ही रीत पक्की केली, आणि ती त्यांच्याकडून घेतली हे निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन यानं उघडपणे सांगितलं होतं. निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' पुन्हा ऐका, पण या वेळी फक्त गिटारकडे लक्ष द्या. सुरुवातीला एफ, बी फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट अशा चार पॉवर कॉर्ड, म्हणजे फक्त मूळ सूर आणि त्याचा पंचम धरलेल्या. व्हर्स आली की सगळं गळून पडतं, बेस आणि ड्रम्स उरतात, आणि गिटारचे फक्त दोन सूर, कोरस पेडल या आवाज थरथरवणाऱ्या उपकरणातून (गाण्याच्या कोरसशी या नावाचा संबंध नाही), पाण्याखालून आल्यासारखे. मग आवाज करकरीत करणारं दुसरं पेडल दाबलं की भिंत कोसळते. आणि सोलो? सोलो आहे, पण त्यात बोटांची करामत नाही. गायलेली चालच गिटारवर पुन्हा वाजते. मला ते गाणं शिकवायला आवडतं ते यासाठी. त्यात रॉकचं सगळं सामान आहे, सोलोसकट, आणि प्रत्येक सामानाला दिलेलं काम बदललेलं आहे.

गाण्याचा गळाही बघा. हार्ड रॉकचा गायक वरच्या पट्टीत आवाज फेकतो, आपली ताकद दाखवतो. इकडे स्वर पुटपुटता असतो, कापरा असतो, कधी फाटू दिलेला असतो. शब्द नीट लागत नाहीत तरी चालतं. पण ही खूण मी एकटी कधी धरत नाही, फसवी आहे.

घरी करून बघण्यासारखं एक काम सांगतो. अँपवर गेन वाढवा, ए मायनर पेंटॅटॉनिकमधली चार मात्रांची रिफ वाजवा, ड्रमरला दोन आणि चारवर स्नेअर द्यायला सांगा. दोन मिनिटं. मग ड्रमरला तोच ठेका धरून ठेवायला सांगून गेन उतरवा, वरच्या दोन तारा मोकळ्या ठेवा आणि खालच्या तारांवर तीच चाल सुटी सुटी वाजवा, बेंड अजिबात न घेता. ठेका तोच, सूर जवळपास तेच. फोनवर दोन्ही रेकॉर्ड करून सलग ऐका. ही एक गोष्ट केल्यावर माझ्या विद्यार्थ्यांचे बहुतेक वाद मिटतात.

मात्र काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवत नाही. तुम्ही कोणाला विचारता यावर उत्तर बदलतं: ब्रिटनमध्ये वाढलेला माणूस ज्याला इंडी म्हणेल त्याला अमेरिकन ऑल्टरनेटिव्ह म्हणेल. बँडच्या वयावरही बदलतं, आर.ई.एम. 1988 मध्ये मोठ्या कंपनीकडे गेले, त्यानंतरच्या त्यांच्या गाण्यांना वाटेच्या अर्थानं ऑल्टरनेटिव्ह म्हणायचं का यावर प्रामाणिक मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर म्हणावं, कारण त्यांनी गिटारला दिलेलं काम बदललं नाही. आणि सगळं ऑल्टरनेटिव्ह हे रॉकच्या पोटातलं, असं जे सर्रास सांगितलं जातं ते मला पटत नाही. निर्वाणा त्या पोटात बसतं, 'किड ए' बसत नाही.

आता तुमचा फॉर्म. इथं एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या चार विद्यार्थ्यांनी एका स्पर्धेत 'रॉक' विभागात नाव दिलं. गाणं सुंदर होतं: दोन गिटार एकमेकींत गुंफलेल्या, सोलो नाही. गुणपत्रिकेत 'लीड गिटार' असा वेगळा रकाना होता आणि त्यात त्यांना जवळजवळ शून्य मिळालं. परीक्षकांनी आपल्या पत्रिकेप्रमाणे काम केलं. आम्ही ती आधी मागून घेतली नाही, आणि त्या मुलांचं वर्षभराचं काम चुकीच्या रकान्यात मोजलं गेलं. मला ते आजही सलतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी आयोजकांकडून गुण कशाला आहेत ते विचारून घ्या. 'लीड', 'तांत्रिक कौशल्य' असे रकाने रॉक विभागात असतील आणि ऑल्टरनेटिव्हमध्ये 'रचना', 'ध्वनी' असे असतील, तर तुमचं उत्तर तिथंच मिळालं.

पत्रिका मिळाली नाही तर मी ऑल्टरनेटिव्ह लिहीन. तुमचं दुसरं गाणं चढउतारीच्या त्या रीतीतलं आहे, आणि तिसऱ्याला रॉक म्हणवून घेताना तुम्हालाच अवघड जाईल. पहिलं गाणं रॉक आहे हे खरं, पण ऑल्टरनेटिव्ह विभागात एखादं रॉक गाणं खपून जातं. रॉक विभागात लॅपटॉपचा लूप खपेलच असं नाही. क्रमही बदला. दुसरं गाणं आधी घ्या, म्हणजे परीक्षकांचा कान त्या बाजूला लागेल, तिसरं मधे आणि रिफवालं शेवटी.

आणि पहिल्या गाण्यातला सोलो काढू नका. मतं दोन विरुद्ध दोन झाली आहेत म्हणता, म्हणजे कोणीतरी तो काढा म्हणत असणार. त्याऐवजी सोलोची पहिली ओळ गायिकेच्या चालीवरून उचला, आणि तिथून पुढं तुमच्या गिटारवाल्याला त्याच्या मनासारखं जाऊ द्या. दुसऱ्या गिटारनं त्याखाली पॉवर कॉर्ड न धरता वरची ई तार मोकळी ठेवून साधी पिकिंग करावी. एक आठवडा दोन्ही प्रकारे वाजवा, रेकॉर्ड करा, आणि जो ऐकताना गायिका मनातल्या मनात शब्द म्हणू लागेल तो ठेवा.